विमानात लेकुरवाळ्या कुटुंबांसाठी वेगळा विभाग का नसतो?

मे महिन्याच्या सुट्टीत मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या कुठल्याही विमानात एक सूचना हमखास ऐकू येते: लहान मुलंवाल्यांना एका बाजूला बसवा की! गंमत अशी, की ही मागणी दोन्हीकडून येते. मुलं नसलेल्यांना झोप हवी असते. आईबापांनाही असं ठिकाण हवं असतं जिथे बाळ रडलं तर चार माना मागे वळणार नाहीत. रेल्वेनं २०२२ मध्ये लखनौ मेलच्या एका डब्यात खालच्या बर्थला जोडून बाळासाठी घडीचा छोटा बर्थ लावून पाहिला. विमानात असं काही का करत नाहीत?

‘कंपन्या कंजूस आहेत’ हे उत्तर खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं उत्तर डोक्यावरच्या ऑक्सिजन मास्कमध्ये, खुर्चीच्या चाचणीतल्या पुतळ्यात आणि विमान दीड मिनिटात रिकामं करण्याच्या नियमात दडलेलं आहे. ते नीट पाहिलं की आपण चुकीची गोष्ट मागतोय असं मला वाटायला लागतं. कुटुंबांना वेगळा विभाग नको आहे. त्यांना हवी आहे ती बरी रांग.

खुर्ची नक्की कोणाच्या मापाची?

विमानातली खुर्ची फरशीला कायमची ठोकलेली नसते. केबिनच्या लांबीभर धातूचे रूळ असतात, त्यांना एकेका इंचावर खाचा असतात आणि खुर्च्यांचे पाय त्यांत अडकवून लॉक करतात. म्हणजे रांगा पुढे-मागे सरकवणं तांत्रिकदृष्ट्या सोपं आहे. एका खुर्चीच्या पाठीपासून पुढच्या खुर्चीच्या पाठीपर्यंतचं अंतर इकॉनॉमीत साधारण २८ ते ३२ इंच असतं. ते किती ठेवायचं हे कंपनी ठरवते. १८६ खुर्च्यांच्या विमानातून सहा जणांची एक रांग काढली तर तीन टक्क्यांहून जास्त तिकिटं गेली, तीही प्रत्येक फेरीला. ‘मुलांना खेळायला थोडी मोकळी जागा’ या कल्पनेचा निकाल बहुतेक वेळा इथेच लागतो. शिवाय टेकऑफ आणि लँडिंगला त्या जागेत कोणालाच बसता येणार नाही, म्हणजे तिचं तिकीटही विकता येणार नाही. आणि तिथे अंथरलेली मऊ गादी आगीच्या चाचणीत टिकली पाहिजे. खुर्चीच्या गाद्यांसाठी असा कडक नियम अमेरिकेत १९८४ पासून आहे.

पण अंतराइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे खुर्चीची चाचणी. १९८८ साली अमेरिकेत नियम आला, की नव्या प्रकारच्या प्रवासी विमानांची खुर्ची गुरुत्वाकर्षणाच्या सोळापट झटका सोसणारी हवी. प्रयोगशाळेत खुर्चीला घसरगाडीवर बसवून ताशी सुमारे ४८ किलोमीटरच्या वेगाचा फरक क्षणार्धात देतात. खुर्ची रुळावरून उखडता कामा नये, डोक्याला होणारी इजा ठरलेल्या मर्यादेत राहिली पाहिजे, मांडीच्या हाडावर ठरावीक जोरापेक्षा जास्त दाब यायला नको. या खुर्चीत बसलेला पुतळा ७७ किलोचा असतो. प्रौढ माणसाचा.

तीन वर्षांच्या मुलाचं शरीर म्हणजे त्या पुतळ्याची लहान प्रत नव्हे. कमरेचा पट्टा मोठ्या माणसाला धरून ठेवतो तो कटीच्या हाडांच्या आधारावर. लहान मुलाची ती हाडं अजून पुरती घडलेली नसतात, म्हणून जोराच्या झटक्यात पट्टा वर सरकून पोटावर येतो. डोकं शरीराच्या मानानं मोठं आणि जड असतं, ते पुढे जोरात फेकलं जातं. पायही जमिनीला टेकत नाहीत. त्यामुळे वीस किलोपर्यंतच्या मुलाला त्याच्या स्वतःच्या मापाची, विमानासाठी मान्य असलेली सीट लावावी, अशी शिफारस केली जाते. ती बहुधा खिडकीशेजारी लावायची असते, कारण मधल्या वाटेजवळ लावली तर आतल्यांचा बाहेर पडायचा रस्ता अडतो. मागे तोंड करून बसवायची बाळाची कारसीट २८ इंचांच्या अंतरात बसवून पाहिलीत तर पुढच्या प्रवाशाशी भांडण ठरलेलंच. त्याला खुर्ची मागे करता येत नाही आणि तुम्हाला हलता येत नाही. यावर उपाय म्हणून खुर्चीच्या पाठीला गुंडाळायचा खांद्यांचा पट्टा निघाला, ‘केअर्स’ नावाचा. १० ते २० किलोच्या मुलांसाठी असलेल्या या पट्ट्याला अमेरिकेत २००६ मध्ये मान्यता मिळाली. वजन अर्धा किलोसुद्धा नाही, आणि हँडबॅगेत मावतो.

मांडीवरचं बाळ

दोन वर्षांखालच्या बाळाला स्वतःची सीट लागत नाही, ते मांडीवर चालतं. तिकीट वाचतं म्हणून आपण खूश असतो. आता वरचंच गणित पुन्हा मांडू. दहा किलोचं बाळ, सोळापट झटका: त्या क्षणी बाळ १६० किलोचं होतं. आईचे हात कितीही मायेचे असोत, १६० किलो धरून ठेवू शकत नाहीत.

हे कागदावरचं भय नाही. १९ जुलै १९८९ रोजी युनायटेड एअरलाइन्सचं २३२ क्रमांकाचं विमान अमेरिकेत सू सिटी इथे कोसळत उतरलं. त्यात चार मुलं मांडीवर होती. त्या काळच्या सूचनेप्रमाणे केबिन क्रूनं आईबापांना बाळांना पायाशी, जमिनीवर ठेवायला सांगितलं. त्यांपैकी एक बाळ दगावलं. ती सूचना देणाऱ्या क्रूप्रमुख जॅन ब्राउन यांनी पुढची कित्येक वर्षं एकच मागणी लावून धरली: प्रत्येक बाळाला स्वतःची सीट आणि पट्टा हवा. अमेरिकेतली अपघात तपास संस्थाही तेच म्हणत आली आहे. तरीही तिथल्या विमान वाहतूक नियामकानं १९९५ मध्ये संसदेला दिलेल्या अहवालात उलटा हिशोब मांडला. बाळाचं तिकीट सक्तीचं केलं तर कित्येक कुटुंबं विमान सोडून गाडीनं जातील, आणि रस्ता विमानापेक्षा कितीतरी धोक्याचा, त्यामुळे एकूण बळी वाढतील. आगीतून फुफाट्यात, असा युक्तिवाद. आकड्यांच्या पातळीवर तो खोडणं अवघड आहे. पण अमेरिकेतल्या महामार्गांना लागू असलेला हा हिशोब मुंबई ते न्यूअर्क जाणाऱ्या आईला कसा लागू होतो, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही. तिला काही गाडीनं न्यूअर्कला जायचा पर्याय नाही.

युरोपात मांडीवरच्या बाळालाही पट्टा लागतो. आईच्या पट्ट्यात ओवलेला छोटा जोडपट्टा, जो आपल्याकडच्या विमानांतही केबिन क्रू आणून देतो. अमेरिकी नियमांनुसार मात्र तो टेकऑफ-लँडिंगला चालत नाही. कारण जोराच्या झटक्यात मोठं माणूस पुढे वाकतं आणि बाळ त्याच्या आणि पट्ट्याच्या मध्ये चेपलं जातं. दुसरी बाजू म्हणते, मान्य, पण हवेतल्या धक्क्यांत बाळ निदान छताकडे उडून जाणार नाही. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर आहे. ५ जानेवारी २०२४ रोजी अलास्का एअरलाइन्सच्या विमानाच्या भिंतीतला दाराएवढा तुकडा सुमारे १६,००० फुटांवर उडून गेला, तेव्हा त्या विमानात तीन बाळं मांडीवर होती. नशीब बलवत्तर, ती त्या रांगेत नव्हती.

चौथा मास्क

‘सगळ्या कुटुंबांना एकत्र बसवा’ या कल्पनेचं घोडं खरं पेंड खातं ते इथे, आणि हे फारसं कोणी सांगत नाही.

केबिनमधला हवेचा दाब गेला तर वरून पिवळे मास्क खाली येतात. नियम असा, की एकूण मास्क खुर्च्यांपेक्षा निदान दहा टक्के जास्त हवेत आणि ते केबिनभर शक्य तितके सारखे वाटलेले हवेत. म्हणून ए३२० किंवा बोईंग ७३७ सारख्या विमानात तीन खुर्च्यांच्या डोक्यावर चार मास्क असतात. काही विमानांत दोन्ही बाजूंना, काहींत एकाच बाजूला. हा चौथा मास्क म्हणजेच मांडीवरच्या बाळाचा.

म्हणजे तीन खुर्च्यांच्या एका गटात एकच बाळ बसू शकतं. दोन बहिणी आपापली तान्ही बाळं घेऊन गोव्याच्या लग्नाला निघाल्या आणि शेजारी बसायचं म्हणाल्या, तर क्रू नाही म्हणणार. एकीला मधली वाट ओलांडून पलीकडे किंवा पुढच्या रांगेत जावं लागणार. बाळाचं बुकिंग असलं की सीट निवडताना काही जागा बंद दिसतात, त्यामागेही बहुतेक वेळा हेच कारण असतं. आता विमानाच्या मागच्या पाच रांगांत तान्ह्या बाळांची वीस कुटुंबं कोंबायचं म्हटलं तर मास्क पुरणारच नाहीत. नियम बाळांना केबिनभर पसरवायला सांगतो आणि ‘फॅमिली झोन’ त्यांना गोळा करायला बघतो. डोक्यावरची यंत्रणा बदलून त्या रांगांत जास्त मास्क बसवता येतील, पण मग ती जागा कायमची ठरली. मे महिन्यात ती कमी पडेल आणि सोमवारी सकाळच्या दिल्ली विमानात तिथे लॅपटॉपवाले बसलेले असतील.

बाहेर पडण्याचा प्रश्नही याला जोडूनच येतो. मोठ्या विमानाला मान्यता मिळण्याआधी दाखवून द्यावं लागतं, की निम्मी दारं बंद असताना अंधारात सगळे प्रवासी ९० सेकंदांत बाहेर पडू शकतात. मार्च २००६ मध्ये हॅम्बुर्गला ए३८० मधून ८५३ प्रवासी आणि २० कर्मचारी ७८ सेकंदांत उतरले. या चाचणीत स्त्रिया किती, पन्नाशीपुढचे किती, याची टक्केवारी ठरलेली असते. आणि बाळं? बाळांच्या जागी तीन बाहुल्या. खऱ्या बाळाएवढ्या तीन बाहुल्या कोणीतरी उचलून बाहेर न्यायच्या, झालं. चालणारी, हट्ट करणारी, आपत्कालीन दाराच्या घसरगुंडीच्या तोंडाशी भोकाड पसरणारी चार वर्षांची मुलं या हिशोबात नाहीत. खऱ्या मुलांना असल्या चाचणीत ढकलणं योग्य नाही हे मान्य. पण मग विमानाच्या एकाच टोकाला मुलांची दाटी केली तर तिकडच्या दारांशी किती वेळ लागेल, याचं उत्तर त्या चाचणीतून मिळत नाही.

२ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं जळतं ए३५० रिकामं झालं, त्यात दोन वर्षांखालची आठ मुलं होती आणि आठपैकी तीनच दारं वापरता आली. सगळे वाचले. असं काही घडतं तेव्हा कुठलंही आईबाप आधी आपल्या मुलाकडे धावणार, दाराकडे नाही. ते मूल सात रांगा मागे असेल तर ते सगळ्यांच्या विरुद्ध दिशेला धावतील. कुटुंबाला शेजारी बसवणं ही म्हणूनच सौजन्याची बाब नाही. ती मागच्या सगळ्यांच्याही सुरक्षेची बाब आहे.

जाता जाता एक किस्सा. वजनाच्या हिशोबात कित्येक ठिकाणी मूल ३५ किलोचं धरतात. २०२० च्या जुलैत ब्रिटनमधून स्पेनच्या माजोर्का बेटावर निघालेल्या एका विमानात चेक-इनच्या सॉफ्टवेअरनं ‘मिस’ लावलेल्या ३८ बायकांना लहान मुली समजून घेतलं. विमान कागदावरच्यापेक्षा १,२४४ किलो जड निघालं. सुदैवानं फरक पेलण्याइतका होता.

काय काय करून पाहिलं?

कुटुंबांची जागा म्हणावी अशी सगळ्यांत जुनी जागा म्हणजे पडदीसमोरची पहिली रांग. लांबच्या विमानांत तिथे भिंतीवर बाळाचा पाळणा, म्हणजे बॅसिनेट, अडकवतात. दहा-अकरा किलोपर्यंतचं बाळ त्यात झोपतं. अचूक मर्यादा कंपनीनुसार बदलते. टेकऑफ, लँडिंग आणि धक्के बसत असताना बाळाला बाहेर काढावंच लागतं. म्हणजे महत्प्रयासानं झोपलेलं बाळ पट्ट्याचा दिवा लागला की उठवायचं. ज्यांनी हे केलंय त्यांना मी वेगळं काय सांगू!

या रांगेची दुसरी खोड फोटोत दिसत नाही. समोर खुर्ची नसल्यामुळे जेवणाचा ट्रे हाताच्या दांड्यात घडी करून ठेवलेला असतो. त्यामुळे तो दांडा वर होत नाही. तीन खुर्च्या रिकाम्या मिळाल्या तरी मुलाला आडवं करता येत नाही. दुधाची बाटली, डायपर असलेली पिशवी पायाशी ठेवता येत नाही, टेकऑफला ती वर डब्यात जाते. भिंत लांब का ठेवतात? पाय पसरायला नव्हे. पट्ट्यानं बांधलेल्या माणसाचं डोकं पुढे झुकून आपटू नये म्हणून साधारण ३५ इंच मोकळे लागतात. ऐसपैस वाटणारी ती जागा खरं तर डोक्यासाठी राखलेली आहे.

माझ्या मते सगळ्यांत हुशार उत्तर न्यूझीलंडहून आलं. एअर न्यूझीलंडनं २०११ पासून बोईंग ७७७ मध्ये ‘स्कायकाउच’ आणला. साध्याच तीन खुर्च्या, पण प्रत्येकीच्या पोटऱ्यांखालची पाटी वर उचलून बैठकीच्या पातळीला आणता येते. तिन्ही पाट्या वर केल्या की दीड मीटरहून थोडी लांब सपाट गादी तयार. मोठ्या माणसाला पाय दुमडावे लागतात, पण आई आणि दोन वर्षांचं मूल ऐसपैस झोपतं. आडवं झोपताना बांधायचे वेगळे पट्टेही मिळतात. चायना एअरलाइन्सनं २०१४ मध्ये असाच ‘फॅमिली काउच’ आणला. जपानच्या एएनए या विमान कंपनीनं २०१९ मध्ये टोकियो-होनोलुलूच्या ए३८० मध्ये मागच्या भागात अशा रांगा लावल्या. हा मार्ग मुद्दाम निवडलेला आहे: सुट्टीचा, कुटुंबांचा आणि रात्रीचा.

यात वेगळा विभाग नाही, हे लक्षात घ्या. रांग तीच, रूळ तेच, मास्क तेच. कुटुंब नसेल तेव्हा त्याच खुर्च्या सुट्या विकता येतात. मग सगळीकडे का नाही? त्या पाटीचं आणि यंत्रणेचं वजन रोज वाहावं लागतं, आणि पुणे-दिल्ली दोन तासांत तिचा उपयोग शून्य.

पैसेवाल्यांची सोय अर्थातच झालेली आहे. कतार एअरवेजनं २०१७ मध्ये आणलेल्या ‘क्यूसुइट’मध्ये मधल्या फळ्या सरकवून चौघांची समोरासमोर बैठक होते. इकॉनॉमीतही समोरासमोर बैठकी एके काळी होत्या. अमेरिकेतल्या साउथवेस्ट कंपनीच्या जुन्या ७३७ मध्ये त्या प्रसिद्ध होत्या, ब्रिटिश ‘ट्रायडंट’ विमानांतही काही प्रवासी उलटे बसत. गेल्या का, तर मागे तोंड केलेल्या खुर्चीत झटक्याचा सगळा भार पाठीवर येतो. माणसाला ते जास्त सुरक्षित, पण खुर्ची जास्त भक्कम आणि जड करावी लागते. शिवाय समोरासमोरच्या पायांना जास्त इंच लागतात.

आणि मग उलटा प्रयोग: कुटुंबांना वेगळं बसवण्याऐवजी बाकीच्यांना वेगळं काढणं. एअरएशिया एक्स आणि स्कूट या स्वस्त विमान कंपन्यांनी २०१३ मध्ये शांत विभाग काढले. आपल्या इंडिगोनं २०१६ मध्ये १ ते ४ आणि ११ ते १४ या रांगा बारा वर्षांखालच्यांना बंद केल्या. त्यातल्या १२ आणि १३ या ए३२० मधल्या आपत्कालीन दाराच्या रांगा, तिथे मुलांना तशीही बंदी! कोरेंडन या विमान कंपनीनं २०२३ मध्ये नेदरलँड्सहून कॅरिबियनमधल्या कुरसाव बेटावर जाणाऱ्या विमानात सोळा वर्षांपुढच्यांसाठी पडद्यांनी वेगळा केलेला भाग विकायला काढला. पडद्यानं रडणं अडत नाही. पाचव्या रांगेतलं बाळ चौथ्या रांगेला ऐकू येतंच. लोक तिथे शांततेची हमी विकत घेत नाहीत, शेजारी मूल नसण्याची घेतात. जपान एअरलाइन्सनं २०१९ मध्ये केलेली युक्ती यापेक्षा स्वस्त होती. सीट निवडायच्या नकाशावर तान्हं बाळ कुठे आहे ते दाखवणारं छोटं चित्र आणलं.

सगळ्यांत स्वस्त डिझाइन

एवढी यंत्रं, पाट्या आणि पडदे बाजूला ठेवले, तर कुटुंबांची निम्मी अडचण एकही स्क्रू न हलवता सुटते: त्यांना शेजारी बसवून. हे सॉफ्टवेअरचं काम. पण सीट निवडायचे पैसे घ्यायला लागल्यापासून शेजार ही विकायची वस्तू झाली, म्हणून सरकारांना मध्ये पडावं लागलं. कॅनडाचा नियम मला नेमका वाटतो. पाच वर्षांखालचं मूल अगदी शेजारी. पाच ते अकरा, त्याच रांगेत आणि मध्ये फार तर एक सीट. बारा-तेरा, फार तर एका रांगेच्या अंतरावर. वयाप्रमाणे गरज बदलते हे त्यात ओळखलंय. भारतात डीजीसीएनं, म्हणजे आपल्या विमान वाहतूक नियामकानं, एप्रिल २०२४ मध्ये विमान कंपन्यांना सांगितलं, की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवर प्रवास करणाऱ्या निदान एका पालकाशेजारी जागा द्यायची आणि त्याची नोंद ठेवायची.

त्यातले ‘त्याच पीएनआरवर’ हे शब्द बुकिंग करताना ध्यानात ठेवा. आईबाबा एका तिकिटावर, आणि आजीचं तिकीट मागाहून वेगळं काढून नातीला तिच्यासोबत बसवायचं ठरलं असेल, तर हा नियम तिथे कामाला येणार नाही. कंपनीला फोन करून दोन्ही बुकिंग जोडून घ्यावी लागतात, तीही चेक-इन सुरू व्हायच्या आधी. बॅसिनेटचंही तसंच: तो तिकिटासोबत आपोआप मिळत नाही, एका विमानात मोजकेच असतात. त्याच फोनमध्ये बाळाचं वजन सांगून तो मागा. आणि त्या रांगेत हाताचे दांडे वर होतात का, हेही विचारून घ्या.